पांढऱ्या उंदरांच्या खोलीतली नोकरी

वाचकाचे पत्र : मी २३ वर्षांची असून यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावात आईबाबा, आजी आणि धाकट्या भावासोबत राहते. आमची पाच एकर कोरडवाहू शेती आहे; कापूस आणि तूर घेतो. मी प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. केले आहे. वर्ध्याकडच्या एका संस्थेत, मेंदूवर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेत, सहायक म्हणून माझी निवड झाली आहे. काम पांढऱ्या उंदरांचे आहे : त्यांची निगा राखणे, त्यांच्या चाचण्या घेणे, नोंदी ठेवणे आणि प्रयोग संपला की त्यांचे मेंदू काढायला मदत करणे. आमच्या महाविद्यालयात विच्छेदन बंद झाल्यामुळे मी आजवर एकही प्राणी कापलेला नाही. आई माळकरी आहे. ती विरोध करत नाही, पण हा विषय निघाल्यापासून जेवताना माझ्याकडे पाहत नाही. आजी म्हणते, ‘मुक्या जिवाचा तळतळाट कायले घरी आणतं वो पोरी?’ भाऊ म्हणतो, शेतात आपण उंदरांना औषध घालतोच ना, मग हे काय वेगळे? बाबांना घरात महिन्याचा पगार यावा असे वाटते. मला मात्र हे पाप तर नाही ना, आणि हे काम करता करता मी दगड तर होणार नाही ना, ही भीती आहे. महिनाअखेरपर्यंत होकार कळवायचा आहे. मी काय करावे?

उत्तर :

प्रिय भगिनी,

मी स्वतः औषधशास्त्राच्या प्रयोगशाळेत आणि तिच्या प्राणिगृहात २९ वर्षे काम केले आहे, त्यामुळे तुमच्या प्रश्नाकडे मला लांबून पाहता येत नाही. माझे मत आधीच सांगते : ही नोकरी तुम्ही घ्यावी असे मला वाटते, पण होकार कळवण्यापूर्वी त्या प्रयोगशाळेतला एका प्रयोगाचा शेवटचा दिवस तुम्ही स्वतः उभे राहून पाहावा आणि मगच ठरवावे. पिंजऱ्यातले पांढरेशुभ्र उंदीर पाहून होकार देणारी आणि चौथ्या महिन्यात रडत राजीनामा लिहिणारी मुले मी पाहिली आहेत. त्यांचे मन हळवे होते यात काही चूक नव्हती. चूक एवढीच होती की त्यांना कामाचा अर्धाच भाग दाखवण्यात आला होता.

तुमच्या भावाचा युक्तिवाद तुम्ही सोडून द्यावा. तो चुकीचा आहे, आणि पुढे कधी मन अडखळले तर तो तुम्हाला आधारही देणार नाही. शेतात झिंक फॉस्फाईडची गोळी घातली जाते तेव्हा उंदीर आपले धान्य खात असतो. तो आपल्या मर्जीने आलेला असतो, आणि मरतो तोही बिळात, आपल्या नजरेआड. प्रयोगशाळेतल्या उंदराने आपले काहीही बिघडवलेले नसते. तो आपण जन्माला घातलेला असतो, त्याने उघडे आकाश कधी पाहिलेले नसते, आणि त्याच्या पिंजऱ्याला लावलेली पाण्याची बाटली आपण भरली नाही तर त्याला दुसरीकडे कुठे पाणी मिळणार नसते. त्यामुळे शेतातल्या उंदरापेक्षा या उंदराचे आपल्यावरचे देणे जास्त आहे.

आता हे सारे कशासाठी, हा प्रश्न. तुमच्या घरी फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा असेल तर त्यावरचा तिरपा चौकोन पाहा. त्याच्या खालच्या अर्ध्या भागात लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, हे गावात सर्वांना ठाऊक असते. पण तो रंग कसा ठरतो हे फारसे कोणी सांगत नाही. औषध तोंडावाटे दिल्यावर चाचणीतले निम्मे प्राणी दगावतील अशी मात्रा वजनाच्या दर किलोमागे १ ते ५० मिलिग्रॅम असेल तर लाल, ५१ ते ५०० असेल तर पिवळा, ५०१ ते ५,००० असेल तर निळा आणि त्याहून जास्त असेल तर हिरवा. चाचणीतले ते प्राणी बहुतेक वेळा प्रयोगशाळेतले उंदीरच असतात. २०१७ साली तुमच्याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी आणि मजूर विषबाधेने रुग्णालयात गेले आणि २० हून अधिक जण दगावले, तेव्हाही डब्यावर हा रंग छापण्याचा नियम होताच. तो वाचून हातमोजे आणि मुखपट्टी पुरवण्याची जबाबदारी ज्यांची होती त्यांनी ती पार पाडली नाही, हा वेगळा आणि फार दुःखाचा विषय आहे.

ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशके मज्जासंस्थेवरच घाव घालतात, हे तुम्ही पदवीला शिकला असाल. मज्जातंतूकडून स्नायूकडे निरोप नेणारे अ‍ॅसिटिलकोलीन आपले काम झाल्यावर ज्या विकराने (एन्झाइमने) मोडायला हवे, तो विकरच हे विष निकामी करते. मग निरोप थांबतच नाही, तोंडाला लाळ सुटते, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, स्नायू फडफडतात आणि श्वास अडकतो. अशा रुग्णाला डॉक्टर अ‍ॅट्रोपीन देतात. मज्जातंतू रसायनाच्या मार्फत बोलतो ही मूळ गोष्टच ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या हृदयावर प्रयोग करून दाखवली होती. आणखी एक उदाहरण आपल्या विदर्भाच्या अधिक जवळचे आहे. कुष्ठरोग हा त्वचेइतकाच मज्जातंतूंचा रोग आहे. त्याचा जंतू परीक्षानळीत वाढत नाही, त्यामुळे कोणते औषध त्यावर चालते हे तपासण्याची सोयच नव्हती. बाबा आमटे यांनी तर त्या काळात अशा प्रयोगासाठी स्वतःचे शरीर देऊ केले होते. पुढे १९६० मध्ये चार्ल्स शेपर्ड यांना तो जंतू लहान उंदराच्या पायाच्या तळव्यात वाढवता आला, आणि त्यानंतर औषधे पारखणे शक्य झाले. दत्तपूर, आनंदवन, तपोवन ही कुष्ठरुग्णांच्या आश्रमांची नावे ज्या भागात घरोघरी माहीत आहेत तिथल्या मुलीला याहून अधिक काही सांगण्याची गरज नसावी.

तरीही मी तुम्हाला अर्धे सत्य सांगणार नाही. उंदरांमध्ये गुणकारी ठरलेली पक्षाघाताची आणि स्मृतिभ्रंशाची कितीतरी औषधे माणसांमध्ये अपयशी ठरली आहेत. मोठ्या उंदराचा, म्हणजे प्रयोगशाळेतल्या भाषेत रॅटचा, मेंदू सुमारे २ ग्रॅमचा असतो आणि त्यात सुमारे २० कोटी चेतापेशी असतात. माणसाच्या मेंदूत त्या सुमारे ८,६०० कोटी असतात. तेव्हा आपल्या हातून गेलेल्या प्रत्येक उंदरामागे एक माणूस वाचतो, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका आणि आईलाही तसे सांगू नका. उंदराच्या मरणातून काही शिकायला मिळण्याची शक्यता असते, एवढेच खरे आहे. आणि ती शक्यता टिकते की वाया जाते हे फार मोठ्या प्रमाणात सहायकाच्या हातात असते. मी ही नोकरी घ्या म्हणते ते याच कारणासाठी.

मुख्य संशोधक महिन्यातून काही वेळा उंदीर पाहतात. तुम्ही ते रोज पाहणार. पहिला आठवडाभर काही करू नका, फक्त हात ओळखीचा करा. पिंजऱ्याचे झाकण सावकाश उघडून हात खाली, भुशावर, उताणा ठेवायचा आणि तसाच राहू द्यायचा. दोन-तीन मिनिटांनी मिशांची थरथर आधी जाणवते, मग ओलसर नाक, मग पुढचे दोन पंजे बोटांवर येतात. ते पंजे इतके थंड आणि हलके असतात की दवाचा थेंब टेकल्यासारखे वाटते. लहान उंदराला, म्हणजे माउसला, शेपटीला धरून उचलण्याची जुनी सवय अनेक प्रयोगशाळांत अजून आहे. २०१० मध्ये लिव्हरपूल विद्यापीठातल्या जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांनी दाखवून दिले की शेपटीने उचललेले उंदीर माणसाच्या हाताला घाबरत राहतात, तर ओंजळीत किंवा नळीत घेऊन उचललेले उंदीर शांत राहतात आणि आपण होऊन जवळ येतात. घाबरलेल्या उंदराच्या मेंदूत आपल्याला प्रयोगाचा परिणाम दिसत नाही, आपल्या हाताचा परिणाम दिसतो. म्हणून हा हात तयार करणे ही भूतदया तर आहेच, पण ते शास्त्राचेही काम आहे.

त्यांच्या अंगावरची भाषा तुम्हाला वाचता यावी लागेल. पाठीला पोक काढून बसलेला, अंगावरचे केस उभे राहिलेले, डोळे अर्धवट मिटलेले, इतरांपासून वेगळा कोपरा धरलेला उंदीर दुखणाईत असतो. रॅटच्या डोळ्याभोवती आणि नाकाशी लालसर डाग दिसला तर नवखा माणूस रक्त समजून घाबरतो. ते रक्त नसते, डोळ्यामागच्या ग्रंथीतून येणारे पॉर्फिरिन नावाचे रंगद्रव्य असते, पण तो डाग वाढणे हे ताणाचे किंवा आजाराचे लक्षण खरेच असते. दुःखात आणि भीतीत रॅट सुमारे २२ किलोहर्ट्झच्या आवाजात ओरडतो, आणि माणसाचा कान २० च्या पुढे ऐकू शकत नाही. म्हणजे खोली शांत आहे यावरून ते सुखात आहेत असे समजता येत नाही. गोठ्यातली गाय रवंथ करत नाही एवढ्यावरून तुमच्या आजी तिचे दुखणे ओळखत असतील. तीच नजर इथे लागते, आणि ती शहरातल्या मुलांपेक्षा तुमच्याकडे अधिक असण्याची शक्यता आहे.

आपल्या भागात उन्हाळ्याचे एक स्वतंत्र काम असते, ते दुसऱ्या कोणी शिकवणार नाही म्हणून इथे लिहिते. रॅटला घाम येत नाही. तो शेपटीवाटे उष्णता बाहेर टाकतो आणि फारच तापले तर स्वतःची लाळ अंगाला चोपडतो. प्राणिगृहाचे तापमान साधारण २२ ते २४ अंशांवर ठेवायचे असते आणि बाहेर मे महिन्यात ४५ अंश असतात. मी नोकरीला लागून चौथे वर्ष होते. एका शनिवारी संध्याकाळी जनित्राची टाकी पाहण्याची पाळी माझी होती. मी न पाहताच शेवटची एसटी पकडली. रविवारी दुपारी वीज गेली, वातानुकूलन यंत्र बंद पडले, जनित्रात डिझेल नव्हते आणि पहारेकऱ्याला कोणाला कळवायचे हे कोणी सांगून ठेवलेले नव्हते. सोमवारी सकाळी मी दार उघडले तेव्हा आतून भट्टीसारखी झळ आली. ३६ पैकी ११ रॅट मेलेले होते. पोट जमिनीला टेकवून, चारही पाय पसरून, गळा आणि छाती लाळेने चिंब. जे जगले होते त्यांच्या चाचण्यांवर विश्वास ठेवणे शक्य नव्हते, त्यामुळे तो संपूर्ण प्रयोगच रद्द झाला. ते ११ माझ्या विसरण्यामुळे गेले आणि उरलेल्या २५ जणांनी दोन महिने सोसलेले सारे वाया गेले. नोंदवहीत कारणाच्या रकान्यात मी माझे नाव लिहिले. तुम्ही जाल तिथे पहिल्याच दिवशी विचारा की वीज गेली तर काय होते, जनित्र कोण पाहते, आणि सुट्टीच्या दिवशी पाणी कोण भरते. या प्रश्नाला लगेच आणि नाव घेऊन उत्तर मिळाले तर ती जागा चांगली आहे असे समजायला हरकत नाही.

चाचण्यांपैकी तुमच्या वाट्याला बहुधा पाण्याचा चक्रव्यूह येईल. रिचर्ड मॉरिस यांनी १९८१ मध्ये तो मांडला म्हणून त्यांच्या नावाने ओळखला जातो. दीड-दोन मीटर व्यासाच्या गोल टाकीत पाणी असते, ते दुधाच्या भुकटीने किंवा निरुपद्रवी रंगाने गढूळ केलेले असते, आणि पृष्ठभागाच्या थोडे खाली एक लहान फलाट दडवलेला असतो. रॅट भिंतींवरच्या खुणा पाहून त्याची जागा लक्षात ठेवतो. पहिल्या दिवशी तो टाकीच्या कडेकडेने गोल गोल पोहत राहतो. चौथ्या-पाचव्या दिवशी पाण्यात सोडताच डोके वळवून नेमका त्या दिशेने निघतो. तो क्षण पाहताना माझ्या हातातल्या घड्याळाची कळ दाबायची राहून गेली आहे, इतका तो पाहण्यासारखा असतो. मेंदूत जागेचा नकाशा ठेवणाऱ्या पेशी जॉन ओकीफ यांना १९७१ मध्ये अशाच उंदरांमध्ये सापडल्या आणि २०१४ चे नोबेल पारितोषिक त्यांना मोसर दांपत्यासोबत मिळाले. चाचणी झाली की रॅटला कोरड्या पंच्याने पुसून उबदार जागी ठेवायचे असते. घाई असली की नेमके हेच राहून जाते, म्हणून ते आवर्जून सांगते.

आणि आता नोंदींविषयी, कारण माझ्या मते पापाचा प्रश्न खरा इथे आहे. एखाद्या दिवशी उशीर होईल, दोन रॅट तपासायचे राहतील, आणि कोणीतरी म्हणेल की आधीच्यांच्या आसपासचे आकडे टाकून दे. एखादा रॅट अपेक्षेप्रमाणे वागणार नाही आणि त्याची वेळ ४८ सेकंदांऐवजी २८ लिहिण्याचा मोह तुम्हालाही होईल, कारण साहेबांना तेच हवे आहे हे तुम्हाला कळत असेल. तसे एकदाही करू नका. जे तपासले नाही त्यापुढे ‘तपासले नाही’ असे लिहा. उंदीर कोणत्या गटातला आहे, त्याला औषध दिले आहे की नुसते पाणी, हे वेळ मोजणाऱ्याला माहीत नसणेच बरे. तशी व्यवस्था नसेल तर ती करावी अशी विनंती करा. खोट्या आकड्यासाठी गेलेला जीव विनाकारण गेला असे मी मानते, आणि ज्याला तुमची आजी तळतळाट म्हणते तो असेल तर अशाच जिवाचा असेल. चाचणी रोज त्याच वेळी, शक्यतो त्याच माणसाने घ्यावी, कारण माणसाच्या वासानेही उंदरांचा ताण बदलतो. पुरुषांच्या अंगाच्या वासाने तो वाढतो असे २०१४ मध्ये मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी दाखवले आहे. प्राणिगृहात जाताना अत्तर आणि सुवासिक तेल लावू नये, याचे कारणही हेच.

कायदा काय सांगतो तेही माहीत असू द्या, कारण तो तुमच्या बाजूने आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने प्रयोगांना मनाई केलेली नाही, पण ते काळजीने आणि माणुसकीने व्हावेत, वेदना होऊ नये म्हणून भूल द्यावी, आणि केवळ हात बसावा एवढ्यासाठी प्राण्यावर प्रयोग करू नये असे त्यात स्पष्ट आहे. म्हणून ‘जरा सराव कर’ असे म्हणून कोणी जिवंत रॅट तुमच्या हाती देऊ लागला तर तुम्हाला नकार देता येतो. प्रत्येक प्रयोगाला संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची आधी मंजुरी लागते, आणि त्या समितीत पशुवैद्य, संस्थेबाहेरचे शास्त्रज्ञ आणि एक सामाजिक जाण असलेली व्यक्ती असते. मंजुरीच्या कागदावर प्राण्यांची संख्या लिहिलेली असते. तो कागद पाहायला मागा. मागितल्यावर कोणी रागावले तर मला त्या जागेची शंका येईल.

शेवटच्या दिवसाकडे येते. प्रयोगशाळेत त्याला ‘सॅक्रिफाइस’ म्हणतात. नोंदवहीत तो शब्द चालेल, पण मनाशी मात्र मराठीत म्हणा की आज आपण यांना मारणार आहोत. आडपडद्याच्या शब्दाची सवय लागली की हातही आडपडद्याने वागू लागतो. नीट चालवलेल्या जागी पिंजरा एकेक करून वेगळ्या खोलीत नेतात, म्हणजे बाकीच्यांना काही दिसत नाही आणि वास येत नाही. भुलीचे इंजेक्शन देतात आणि थांबतात. मागच्या पायाचे बोट चिमट्यात दाबून पाहतात. पाय जरासाही आखडला तर भूल अपुरी आहे, आणखी थांबायचे. हे थांबणे हा त्या दिवसातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, आणि घाईची माणसे नेमके तेच टाळतात. मेंदूचे पातळ काप घ्यायचे असतील तर छाती उघडून हृदयावाटे आधी खारे पाणी सोडतात. लालभडक यकृत पाहता पाहता फिकट होत जाते, त्यावरून रक्त निघून गेले हे कळते. मग ऊती टिकवणारे द्रावण सोडतात. शेवटी कवटी उघडून मेंदू उचलतात. तो सोललेल्या बदामाएवढा, थोडा जाडसर आणि गुळगुळीत असतो, माणसाच्या मेंदूवर असतात तशा वळ्या त्यावर नसतात. मी पहिल्यांदा पाहिले त्या दिवशी जेवणाचा डबा न उघडता परत आणला होता.

तुम्ही दगड व्हाल का? रडू थांबणे म्हणजे दगड होणे नव्हे. रडू काही आठवड्यांत थांबते आणि थांबायलाच हवे, कारण थरथरत्या हाताने दिलेले इंजेक्शन जास्त दुखते. धोक्याची खूण वेगळी असते. बोट दाबून पाहण्याचा कंटाळा येऊ लागला, उंदरांविषयी थट्टा करावीशी वाटू लागली, किंवा त्या दिवशी घरी गेल्यावर भावावर विनाकारण ओरडणे होऊ लागले, तर तो महिना मारण्याचे काम दुसऱ्याला द्यावे असे वरिष्ठांना स्पष्ट सांगा आणि निगेचे व नोंदींचे काम मागून घ्या. मी असे दोनदा केले आहे आणि दोन्ही वेळा कोणी मला कमी लेखले नाही. सहा महिने झाल्यावर स्वतःला पुन्हा विचारा. तेव्हा नकोसे वाटले तर सोडण्यात कसलाही कमीपणा नाही.

प्रकृतीची काळजी घ्या. उंदरांच्या मूत्रातल्या आणि कोंड्यातल्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी अनेकांना होते; सुरुवात शिंका आणि डोळ्यांच्या खाजेने होते आणि दुर्लक्ष केले तर दमा जडतो, म्हणून हातमोजे, मुखपट्टी आणि एप्रन पहिल्या दिवसापासून वापरा. धनुर्वाताची लस घेतलेली असू द्या. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नका. ऊती टिकवण्याच्या द्रावणातले फॉर्मल्डिहाइड कर्करोगकारक आहे, ते वायू खेचणाऱ्या कपाटाबाहेर हाताळू नका, मग घाई कोणाचीही असो.

पुढच्या वाटेविषयी थोडक्यात सांगते. या अनुभवावर औषध कंपन्यांच्या सुरक्षितता चाचणीच्या प्रयोगशाळांत आणि संशोधन संस्थांत काम मिळते, पण त्याच जोडीला पेशी-संवर्धन आणि संगणकावरची आकडेमोड शिकून घ्या. भारताने २०२३ मध्ये नवीन औषधांच्या नियमांत बदल करून प्राण्यांशिवायच्या चाचण्यांनाही जागा दिली आहे, आणि हे क्षेत्र हळूहळू तिकडेच चालले आहे याचा मला मनापासून आनंद वाटतो. एम.एस्सी.चा विचारही सोडू नका.

आता तुमच्या आईविषयी. त्या बोलत नाहीत, म्हणून तुम्हीही बोलायचे टाळू नका, आणि ‘मी फक्त लिखापढीचे काम करणार आहे’ असे तर मुळीच सांगू नका. खेड्यात अशी गोष्ट महिनाभरही झाकून राहत नाही. त्यांच्या शेजारी बसून सांगा की मी उंदरांना सांभाळणार आहे, आणि शेवटी त्यांना मारण्यातही माझा हात असणार आहे, त्यांना दुखू नये हे पाहणे माझे काम असेल. त्या कदाचित गाडगेबाबांचे नाव घेतील. मुक्या प्राण्यांना अभय द्या, असे सांगत आणि जत्रांमधल्या पशुबळीला विरोध करत ते याच मातीत हिंडले. त्या शब्दांचा सोयीचा अर्थ लावून वाद जिंकू नका. आई, तुझे बरोबर आहे, आणि तरीही मला हे करून पाहायचे आहे, असे म्हणता येते. परवानगी मागू नका, त्यांच्यावर ते ओझे टाकणे योग्य नाही; फक्त त्यांना ठाऊक असू द्या. एक गोष्ट तुम्हा दोघींना जवळ आणेल असे मला वाटते : प्राणिगृहातून निघताना कपडे बदलून आणि शक्य तर अंघोळ करून घरी जावे असा आमच्या कामाचा नियम आहे, कारण कपड्यांवरून अ‍ॅलर्जीचे कण घरात जातात. आई माळकरी असल्याने बाहेरून आल्यावर अंघोळ करूनच चुलीपाशी यावे असे त्यांनाही वाटत असेल. कारणे दोन असली तरी अंघोळ एकच आहे.

येत्या सोमवारी संस्थेत फोन करून चालू प्रयोगाचा शेवटचा दिवस कोणता ते विचारा आणि त्या दिवशी तिथे येऊन पाहण्याची परवानगी मागा. जाताना चपलेऐवजी बंद बूट घाला आणि सकाळी थोडे खाऊन निघा, कारण उपाशीपोटी त्या वासाने भोवळ येते. तिथे तुम्हाला काही करायचे नाही, फक्त भुलीनंतर पायाचे बोट दाबून पाहतात का आणि किती वेळ थांबतात, याकडे लक्ष ठेवा. ते थांबत नसतील तर नकार कळवा. थांबत असतील, तर घरी येऊन दोन रात्री जाऊ द्या आणि मग संस्थेला पत्र लिहा.